न मारलेल्या नऊ हाका

बडोद्यात माझा सत्कार झाला. शाल, श्रीफळ, उचलल्यावर अगदीच हलकं लागलेलं चांदीचं मानचिन्ह, आणि फतेगंजातल्या एका गारढोण सभागृहात तासभर चाललेलं माझं कौतुक. निवेदिका मराठीत सुरू करायची, मधेच गुजरातीत शिरायची आणि टाळ्या हव्या असल्या की इंग्रजीत यायची. तिने सांगितलं, की मी जन्मभर जगातल्या छावण्यांमधून हिंडले आणि ताटातूट झालेल्या माणसांना एकमेकांना भेटवलं. मी मान खाली घालून बसले होते. लोकांना तो विनय वाटला. मला मणक्याचा त्रास आहे.

मग मला बोलायला उभं केलं. विषयही त्यांनीच दिला होता, आंतरराष्ट्रीय शांतता आणि मदतसंस्थांचा उगम व कार्य. हे भाषण मला इतकं पाठ आहे की भूल दिली तरी मी करीन. दीडशेहून जास्त वर्षांपूर्वी परक्या मुलखात एक लढाई झाली. आपल्या कामाला निघालेल्या एका व्यापाऱ्याने तिथे मैदानात टाकून दिलेले जखमी पाहिले, आणि कोण कुठल्या बाजूचा हे न विचारता त्यांना पाणी पाजणाऱ्या गावातल्या बायकाही पाहिल्या. त्यातून पहिली संस्था निघाली. पुढे महायुद्ध झालं, मग आणखी एक झालं, आणि दर वेळी जगाने कपाळाला हात लावून नवी संस्था काढली. कैद्यांच्या नावांची कार्डं लावत बसलेल्या बायका, खोल्याच्या खोल्या भरून कार्डं. निर्वासितांसाठी वेगळं कार्यालय, मुलांसाठी वेगळं. "माणूस हरवला तरी त्याचं नाव हरवू द्यायचं नाही," हे माझं ठरलेलं शेवटचं वाक्य. त्याला टाळ्या पडतातच. बडोद्यातही पडल्या.

पहिल्या रांगेत एक म्हातारी बाई दोन्ही हात डोक्याच्या वर नेऊन टाळ्या वाजवत होती. बारीक काठाची पांढरी साडी, गळ्यात काळ्या मण्यांची एकच सर. कार्यक्रम संपल्यावर ती काठी टेकत माझ्याजवळ आली.

"ओळखलंत? मी सुनंदा. सुनंदा मोघे. धर्मशाळेतली."

मी तिला टाळ्यांच्या वेळीच ओळखलं होतं.

"उद्या दुपारी चहाला यायचं. ना म्हणायचं नाही हं. घडियाळी पोळेत कोणालाही विचारा, हाका मारणाऱ्या मावशी कुठे राहतात म्हणून. घरापर्यंत आणून सोडतील."

मी हो म्हटलं. पन्नास वर्षं मी या बाईला टाळत आले होते, आणि नाही म्हणायला एवढं काय लागतं ते मला ऐन वेळी सुचलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी खंडेराव मार्केटात गेले. मेथीच्या जुड्यांचा ओला वास तोच आहे, आल्याच्या ढिगावर पाणी शिंपडत बसलेल्या बायकांचा आवाजही तोच, चढा आणि जरासा कंटाळलेला. मागच्या गल्लीत आमची धर्मशाळा होती. आता तिथे गाड्या लावतात. चौक तेवढा उरलाय, वर पत्रा घातलेला, आणि फरशीवर पिवळ्या रंगाने आकडे काढलेले. पहारेकरी म्हणाला, "बेन, गाडी क्यां छे?" मी म्हटलं, गाडी नाही, जरा उभी राहते. त्याने माझ्या केसांकडे पाहिलं आणि मला एक खुर्ची आणून दिली.

मी तेव्हा एकवीस वर्षांची होते. समाजसेवेचं शिक्षण घेत होते, म्हणजे आठवड्यातले तीन दिवस कुठल्याशा संस्थेत जाऊन दुसऱ्यांच्या दुःखाचे अहवाल लिहायचे आणि त्यावर गुण मिळवायचे. मला नेहमी चांगले गुण मिळत. त्याच वर्षी युगांडातून आपली माणसं आली. तिथल्या लष्करशहाने त्यांना नव्वद दिवसांत चालते व्हा म्हणून सांगितलं होतं. मोंबासाहून बोटीने मुंबई, मुंबईहून गाडीने बडोदं. ज्यांच्याकडे भारताचा पासपोर्ट होता ती इथे आली, त्यात बायका पुष्कळ. त्यांच्या नवऱ्यांनी तिथलं नागरिकत्व घेतलेलं, ते एका फटक्यात रद्द झालेलं. त्यांना कुठलाच देश आपला म्हणेना, तेव्हा जागतिक संघटनेने विमानं पाठवून त्यांना उचललं आणि युरोपातल्या छावण्यांत नेऊन ठेवलं. नवरा बर्फात, बायको बडोद्यात, आणि एकाचा पत्ता दुसऱ्याला ठाऊक नाही.

त्या धर्मशाळेचा वास मला अजून येतो. दानात आलेल्या घोंगड्यांना डांबराच्या गोळ्यांचा वास होता. मदतीच्या पावडरीचं दूध मोठ्या पातेल्यात उकळायचं आणि रोज खाली लागायचं, त्याचा करपट वास जिन्यापर्यंत यायचा. पत्र्याच्या ट्रंकांवर बोटीची लेबलं चिकटलेली, त्यांचे कोपरे मुलं नखांनी सोलून काढत. मुलं भांडताना स्वाहिलीत शिव्या द्यायची आणि आया त्यांना गुजरातीत बोलून धपाटे घालायच्या. दुपारी बायका चौकात उन्हाला केस सोडून बसत. कोणी रडत नसे. रडणं सकाळी नळावर, पाण्याच्या आवाजात उरकून घेतलेलं असे.

आमची कचेरी फतेगंजात होती, ताईसाहेबांच्या बंगल्यातल्या पुढच्या खोलीत. ताईसाहेब संस्थानातल्या एका बड्या अधिकाऱ्याची सून. चष्म्याला साखळी, पदराला केवड्याचा वास, आणि बोलणं असं की समोरच्याने आपोआप पाय जुळवून उभं राहावं. शोधकार्याच्या समितीत आम्ही सगळ्या मराठी बायका आणि मुलीच होतो. पहिल्या दिवशी ताईसाहेबांनी आम्हांला त्या लढाईची आणि त्या व्यापाऱ्याची गोष्ट सांगितली. माझ्या भाषणात आहे ती त्यांचीच, मी फक्त जगभर फिरवली. गोष्ट संपल्यावर त्या म्हणाल्या, "दया घरी ठेवून यायची. इथे नियम. दया आज असते, उद्या नसते. नियम रोज असतो."

नियम साधा होता. छावणीतला माणूस कार्ड भरायचा. कार्ड दुमडलेलं असे. बाहेरच्या बाजूला जिला शोधायचं तिचं नाव, वडिलांचं नाव आणि गाव, प्रवासाच्या कागदपत्रात असेल तसं. आतली बाजू डिंकाने बंद. आत शोधणाऱ्याचं नाव, छावणीचं नाव आणि चार ओळी मजकूर. कार्ड दिल्लीहून आमच्याकडे आलं की आधी वहीत नाव बघायचं. नसलं तर धर्मशाळेच्या चौकात उभं राहून मोठ्याने पुकारायचं, लागोपाठ तीन दिवस, दिवसातून तीन वेळा. मग जी पुढे येईल आणि वडिलांचं नाव बरोबर सांगेल, तिच्याच हाती फोडायला द्यायचं. मी एकदा विचारलं होतं, वहीत नाही तर पुकारायचं कशाला? ताईसाहेब म्हणाल्या, "अगं, घाबरलेला माणूस वाचत नाही, सांगत नाही. पण आपलं नाव ऐकलं की मान वळवतो. म्हणून हाक मारायची."

आणखी एक नियम होता, आणि तो मला त्या वयात फार न्यायाचा वाटे. शोध छावणीतल्या माणसानेच सुरू करायचा. इकडच्या बाईने नाही. काही पुरुषांना सापडायचंच नसतं, त्यांच्या मर्जीचा मान ठेवायचा. तेव्हा इकडच्या बायकांनी फक्त थांबायचं. आपल्याला कार्ड आलं म्हणजे नवऱ्याला आपण हव्या आहोत, नाही आलं म्हणजे नाही, इतकं त्यांना पुरतं कळलं होतं.

सुनंदा मोघे त्या धर्मशाळेतली एकुलती एक मराठी बाई. चोवीस-पंचवीसची असेल. बडोद्याचीच मुलगी, लग्न करायला म्हणून आफ्रिकेला पाठवलेली. ती तिकडे असतानाच आईवडील गेले, घडियाळी पोळेतल्या, त्या अरुंद गल्लीतल्या, भाड्याच्या खोल्या सुटल्या, आणि परत आली तेव्हा त्या खोल्यांत दुसऱ्यांचे कपडे वाळत होते. मोंबासाला येताना तिकडच्या आगगाडीत एका शिपायाने तिचं मंगळसूत्र ओढलं होतं. इथे आल्यावर तिने मार्केटातून काळे मणी आणले आणि दोऱ्यात ओवून घातले. मी वही घेऊन बसले आणि विचारलं, नाव? ती म्हणाली, "सौ. सुनंदा दिनकर मोघे." मी लिहून घेतलं. पासपोर्ट मागितला नाही. बायकांकडे कागद मागून त्यांना घाबरवायचं नाही, असं ताईसाहेबांनी सांगितलं होतं.

दर गुरुवारी ती फतेगंजपर्यंत चालत यायची. आमच्या व्हरांड्यात एक बाक होता, त्याच्या टोकाला बसायची. आत येऊन फक्त एवढंच विचारायची, "काही आलं का हो?" मी म्हणायचे, नाही. मग ती तरीही अर्धा तास बसायची, कदाचित तेवढ्यात येईल म्हणून. बाकीच्या बायकांना कार्डं येत होती. कार्ड आलेली बाई व्हरांड्यातच फोडायची, वाचायची, आणि मग सुनंदाकडे न बघता पायऱ्या उतरायची. नंतर नंतर त्या बघायला लागल्या, आणि ते बघणं जास्त वाईट होतं. "मोघेभाईने बायडी नथी जोईती," मोघ्यांना बायको नकोच आहे, असं त्या तिच्यादेखत गुजरातीत म्हणायच्या, जणू बडोद्यात वाढलेल्या मुलीला गुजराती कळत नाही.

जानेवारीत एक कार्ड आलं. बाहेर लिहिलं होतं, वत्सला गणेश आठल्ये, बडोदा. वहीत आठल्ये नव्हती. मला नवल वाटलं नाही. धर्मशाळेत मराठी बाई एकच, ती मोघे, मग ही आठल्ये कुठून असणार? कोणीतरी गावाचं नाव चुकवलं असेल. ताईसाहेब म्हणाल्या, "घडियाळी पोळेत आठल्ये होते खरे. गेले ते. तरी तू पुकार. उद्यापासून तीन दिवस."

उद्यापासून तीन दिवस म्हणजे उत्तरायण. ज्याने बडोद्यातलं उत्तरायण पाहिलं नाही त्याला मी काय सांगू? पहाटेपासून गच्च्या भरलेल्या, मांज्याने बोटं कापलेली, त्यांवर चिकटपट्ट्या, उंधियूचं पातेलं वर आणलेलं, गुळाची चिक्की दातात अडकलेली. आभाळ दिसत नाही इतके पतंग. आमच्या गच्चीवर त्या वर्षी समोरच्या घरातला एक मुलगा फिरकी धरायला आला होता. त्याचं नावसुद्धा आता मला आठवत नाही, पण तीन दिवस मी गच्चीवरून खाली उतरले नाही. कोणाचा पतंग कापला की "कायपो छे!" म्हणून मी अशी किंचाळायची की पोळेच्या त्या टोकाला ऐकू जावं. धर्मशाळेचा चौक तिथून दहा मिनिटांवर होता.

चौथ्या दिवशी कचेरीत गेले तेव्हा माझ्या घशातून आवाज फुटत नव्हता. ताईसाहेबांनी विचारलं, "पुकारलंस ना?" मी मान हलवली. त्या कौतुकाने बाकीच्यांना म्हणाल्या, "बघा, घसा बसला बिचारीचा. काम असं करावं." आणि त्यांनी स्वतः आत जाऊन मला ज्येष्ठमधाची काडी आणून दिली. ती चघळत चघळत मी दिल्लीला उत्तर लिहिलं. तीन दिवस, नऊ वेळा पुकारलं, अशी व्यक्ती येथे नाही. खाली माझी सही. माझं अक्षर तेव्हा फार सुरेख होतं.

आठवड्याभराने मामेबहिणीचं लग्न निघालं. लागल्यावर गृहप्रवेश झाला, ताटात तांदूळ पसरले, आणि नवऱ्याने अंगठीने त्यात नाव काढलं. काल रात्रीपर्यंत शकू होती, ती आता मानसी झाली. सगळ्या हसल्या. तिची आत्या म्हणाली, "आता शकू म्हणून कितीही हाका मारा, ओ द्यायची नाही हं ती!" माझ्या हातातली पेढ्याची बशी तशीच राहिली. त्या खोलीतल्या प्रत्येक बाईचं नाव असंच तांदळात पुसलं गेलं होतं. माझ्या आईचं, आत्याचं. ताईसाहेबांना माहेरी गोदू म्हणत, हे त्यांनीच आम्हांला हसत हसत सांगितलं होतं. धर्मशाळेतल्या बहुतेक गुजराती बायका जन्माच्या नावानेच नांदत होत्या, त्या सगळ्या वहीत सापडल्या. हरवली ती आमची, आमच्याच हातून.

दुसऱ्या दिवशी मी लवकर कचेरीत गेले. परत जाणारी कार्डं महिनाअखेरीला दिल्लीला जात, तोवर खणात असत. मी केसातला आकडा काढला आणि त्याने डिंक सोडवला. डिंक वाळून पिवळा पडला होता, त्याचे कण माझ्या मांडीवर पडले. आत शोधणाऱ्याचं नाव होतं, दिनकर मोघे. नातं, पती. त्या व्यवस्थित माणसाने कार्डावर सांगितलं होतं तसं पासपोर्टावरचं नाव घातलं होतं, आणि पासपोर्ट लग्नाआधी काढलेला. खाली निळ्या शाईत मराठीत चार ओळी. मी त्या दाराकडे कान ठेवून उभ्याउभ्या वाचल्या.

मला वाईट वाटलं असं मी आजवर स्वतःला सांगत आले. ते खोटं आहे. मला भीती वाटली. ताईसाहेब त्याच आठवड्यात माझ्यासाठी दिल्लीला शिफारसपत्र लिहिणार होत्या. आता कार्ड दिलं तर पहिला प्रश्न, नऊ वेळा पुकारलं तेव्हा ही कुठे होती? आणि सुनंदाला विचारलं असतं तर ती खरं बोलणारी होती. हाक ऐकली नाही म्हणाली असती. मी खणातली डिंकाची बाटली काढली, कार्ड पुन्हा चिकटवलं, सुकेपर्यंत अंगठ्याने दाबून धरलं आणि गठ्ठ्यात सरकवलं. गठ्ठा गेला. परत गेलेली कार्डं तिकडे वर्षभर ठेवून नष्ट करत.

त्या गुरुवारी ती आली. "काही आलं का हो?"

"नाही," मी म्हटलं. मग तिच्याकडे बघवेना म्हणून पुढे म्हटलं, "कार्डं उशिरा येतात."

हे वाक्य मला फार उपयोगी पडलं. मी ते दर गुरुवारी म्हणत राहिले. तिचा चेहरा त्याने जरा उजळायचा आणि मला माझ्याच चांगुलपणाचं बरं वाटायचं. माणूस किती नीच होऊ शकतो हे मला पुढे लढायांमध्ये वगैरे शिकावं लागलं नाही. मी ते फतेगंजात, चहा पिता पिता शिकले होते.

मी दिल्लीला गेले, दिल्लीहून बाहेर. ताईसाहेबांचं पत्र आलं की माझ्या जागी पुकारायला त्यांनी सुनंदाला घेतलं आहे, आवाज खणखणीत आहे आणि एक हाक चुकवत नाही. नंतर धर्मशाळा रिकामी झाली, पण हाका मारायचं काम तिने सोडलं नाही. पूर आला की शाळांमध्ये माणसं आणून ठेवत, तिथे ती जायची. भूकंपाच्या वेळी तंबूंच्या रांगांतून फिरली. तीन दिवस, तीन वेळा. समितीची पत्रकं मला परदेशात यायची आणि त्यांत एखाद्या फोटोत ती दिसायची, तोंडाशी हातांचा कर्णा करून उभी.

पुष्कळ वर्षांनी मुख्य कार्यालयात माझी बदली झाली. तिथे जुन्या फायली तळघरात आहेत. मी एकदा दिनकर मोघ्यांची काढली. छावणी उठत असताना दोन देश त्याला न्यायला तयार होते. पत्नीचं उत्तर येईपर्यंत जाणार नाही, असं त्याने दोन्ही वेळा लिहून दिलं होतं. पुढे टाचणीने लावलेला माझा कागद, माझं सुरेख अक्षर. त्याखाली त्याची सही, शोध थांबवावा. मग उत्तरेतल्या एका देशातला पत्ता. पत्ता मी उतरवून घेतला आणि पर्समध्ये ठेवला. एक पोस्टकार्ड टाकायचं होतं, एवढंच. पाच वर्षांनी त्या चिठ्ठीच्या घड्या फाटून तुकडे झाले, तेव्हा पुन्हा फाईल काढली. तोवर तिच्यात एक कागद वाढला होता, मृत्यूच्या नोंदीचा. मी फाईल जागेवर ठेवली आणि वर जाऊन जेवले. बटाट्याचं सार होतं.

पहारेकऱ्याने खुर्ची परत मागितली तेव्हा दुपार झाली होती. मी घडियाळी पोळेत गेले आणि विचारलं, हाका मारणाऱ्या मावशी कुठे राहतात? एका दुकानदाराने गिऱ्हाईक सोडून मला वर जिन्यापर्यंत आणून पोचवलं.

एकच खोली, लख्ख. तिने चहात आलं आणि पुदिना घातला होता. बशीत लीलो चिवडो, बडोद्याचा तो मऊसर हिरवट चिवडा, मला आवडायचा म्हणून मुद्दाम आणलेला. माझी आवड तिने पन्नास वर्षं लक्षात ठेवली होती.

"काल तुम्ही बोललात ने, माणूस हरवला तरी नाव हरवू द्यायचं नाही," ती म्हणाली. "मला भरून आलं. मी काय, हाका मारणारी. पण मला हे काम तुमच्यामुळे मिळालं."

"असं काही नाही."

"आहे. सगळ्यांच्या नवऱ्यांनी शोधलं, माझ्या नाही. बायका म्हणायच्या, तिकडे दुसरी केली असणार, जवा दे, सोड त्याला. तुम्ही एकट्या म्हणायच्यात, कार्डं उशिरा येतात. मी त्याच्यावर किती वर्षं काढली! मग समजले, की नसेल शोधलं ह्यांनी. नव्हते मी हवी. पण तुमचं बोलणं खरं नसलं तरी गोड होतं. तेवढं सांगायचं राहिलं होतं."

मला गप्प बसता आलं असतं. त्यात मी तरबेज आहे. आदल्या संध्याकाळच्या शालीची घडी माझ्या पिशवीत होती, चिवडा तोंडात होता, आणि ही बाई माझे उपकार मानत होती. मला स्वतःची किळस आली, इतकी की ती गिळता येईना.

"शोधलं होतं त्यांनी," मी म्हटलं.

मग सगळं सांगितलं. वत्सला आठल्ये हे नाव घेतलं तेव्हा तिने झटकन मान वळवली. मी पतंगांचं सांगितलं, घशाचं सांगितलं, डिंकाचं, तळघरातल्या फायलीचं, पर्समधल्या पत्त्याचं. तो कसा दोनदा थांबला ते सांगितलं. तो गेल्याचंही सांगितलं. ऐकता ऐकता चहावर साय धरली.

"शोधलं होतं," ती म्हणाली. मला विचारलं नाही, नुसतं म्हणून पाहिलं. मग पुन्हा एकदा म्हणाली.

तिने मला शिव्या द्याव्यात असं मला वाटत होतं. काठी उचलून हाकलून दिलं असतं तरी चाललं असतं, मी ते सुखाने घरी नेलं असतं. तिने फक्त पदराने तोंड पुसलं आणि जरा पुढे सरकली.

"कार्ड कुठे आहे ते?"

"नाही उरलं. नष्ट करतात ती."

"पण तुम्ही वाचलंत ने?"

"हो."

"काय लिहिलं होतं?"

मी तोंड उघडलं. डिंकाचे पिवळे कण मला दिसत होते. निळी शाई दिसत होती, डावीकडे झुकलेलं अक्षर, तिसऱ्या ओळीत एक शब्द खोडून वर दुसरा घातलेला. व्हरांड्यात झाडू मारल्याचा आवाज येत होता, तो ऐकू येत होता. चार ओळी होत्या. जगात त्या एका माणसाने लिहिल्या आणि एका माणसाने वाचल्या, आणि त्यातला एक मेला होता.

"मी सुखरूप आहे," मी म्हटलं. "काळजी करू नकोस, लवकर भेटू. असं होतं."

तिने मान हलवली. "हे सगळेच लिहितात. मी किती जणींना वाचून दाखवलीत कार्डं. ह्यांनी काय लिहिलं होतं?"

"सुनंदाताई, मला आठवत नाही."

ती उठली. माझा गार झालेला कप उचलून नेला, मोरीत ओतला, पातेल्यातला चहा पुन्हा गरम करून भरून आणला आणि माझ्यापुढे ठेवला. दाराला कडी घातली. मग काठी भिंतीला टेकवून माझ्या समोर, गुडघ्याला गुडघा लागेल इतकी जवळ बसली.

"आठवा," ती म्हणाली. "सावकाश आठवा. मला कुठे जायचंय?"